आमवात आणि यकृत : दोन व्याधी एकत्र नांदतात तेव्हा

पंचेचाळिशीच्या आसपासची स्त्री. सकाळी उठल्यावर तासभर हाताची मूठ वळत नाही, मनगटे सुजलेली, अन्नावर वासना नाही, थोडे काम केले तरी अंग गळून जाते. अशी रुग्णा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे. आमवाताचे निदान होते; लंघन, दीपन, पाचन या क्रमाने चिकित्सा सुरू होते; सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ, रात्री एरंडस्नेह अशी योजना होते. दोन-तीन महिन्यांनी काही निमित्ताने रक्त तपासले जाते आणि एस.जी.पी.टी. दीडशे-दोनशेच्या घरात निघते.

येथून पुढे जे घडते तेही आपल्या परिचयाचे आहे. आधुनिक चिकित्सक म्हणतात, हा काढ्यांचा आणि भस्मांचा परिणाम. आपण म्हणतो, बाईंनी यापूर्वी वर्षभर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा किंवा मेथोट्रेक्सेटचा परिणाम. घरची मंडळी म्हणतात, कावीळ झाली, आणि कावीळ उतरवून देणाऱ्याकडे तिला घेऊन जातात. या तिन्ही म्हणण्यांत एक गोष्ट समान आहे. यकृताची विकृती बाहेरून आली, असे तिघेही गृहीत धरतात. ज्या प्रक्रियेने सांधे धरले त्याच जातीच्या प्रक्रियेने यकृतही आतून धरलेले असेल, ही चौथी शक्यता सहसा कोणी उच्चारत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्याविषयीच विवेचन करणार आहोत. कारण ही शक्यता खरी असेल, तर आमवात आणि यकृत या दोहोंसाठी ज्या द्रव्यावर आपण सर्वाधिक भिस्त ठेवतो त्या गुळवेलीचाही फेरविचार करावा लागतो.

आपल्या भागात संधिविकार किती, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. कर्जत-श्रीगोंद्याच्या शेजारी, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात असलेल्या भिगवण येथे पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायू यांच्या तक्रारी आढळल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. परंतु दहा हजार प्रौढांच्या मोठ्या गावात असे पन्नास रुग्ण असतील, असा त्याचा अर्थ होतो. त्या मानाने ऑटोइम्यून यकृद्विकार विरळा आहेत. मात्र एका ऑटोइम्यून व्याधीच्या रुग्णात दुसरी ऑटोइम्यून व्याधी सापडण्याची शक्यता इतर जनांपेक्षा अधिक असते, आणि म्हणून आमवाताच्या रुग्णांची रांग ज्याच्या दाराशी आहे त्या वैद्याला या विरळ्या व्याधीची ओळख असणे भाग आहे.

यकृताचे तीन विकार

प्रौढांमध्ये मुख्यत्वे तीन ऑटोइम्यून यकृद्विकार मानले जातात.

पहिला ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा यकृताच्या पेशींवरच चालून जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत याचे प्रमाण तीन ते चार पट असते आणि तो कोणत्याही वयात होतो. कधी तो तीव्र काविळीच्या रूपाने येतो, कधी केवळ थकवा व सांधेदुखी एवढेच सांगतो, आणि पुष्कळदा काहीच सांगत नाही. निदान होते त्या वेळी प्रौढांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या यकृतात काठिण्य, म्हणजे सिऱ्होसिस, झालेलेच असते. हा रोग मुळात सांध्यांच्या रोगाशी किती जवळचा आहे हे त्याच्या इतिहासावरून कळते. स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० साली तरुण स्त्रियांतील अशा दीर्घकालीन यकृतशोथाचे वर्णन केले. त्यानंतर १९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘लुपॉइड हिपॅटायटिस’, म्हणजे ल्युपससदृश यकृतशोथ, असे नाव दिले, कारण ल्युपसच्या रुग्णांत आढळणाऱ्या पेशी यांच्याही रक्तात दिसत होत्या. पुढे हे दोन रोग वेगळे ठरले, नाव मागे पडले. परंतु त्यांच्यातील साम्य तसेच राहिले, आणि आजही ते चिकित्सकाला फसविते.

दुसरा प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस. यकृतातील सूक्ष्म पित्तवाहिन्या हळूहळू नष्ट होतात. पूर्वी याच्या नावात ‘सिऱ्होसिस’ हा शब्द होता. निदानाच्या वेळी बहुसंख्य रुग्णांत सिऱ्होसिस नसतो व या नावाने रुग्ण विनाकारण हादरतो, म्हणून २०१५ साली ते बदलण्यात आले. हाही प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांचा रोग. कावीळ येण्यापूर्वी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, अंगाला खाज सुटते. अनेक रुग्णांचा उपचार त्वग्विकार म्हणून होत राहतो. गंधक रसायन, मंजिष्ठा यांची आवर्तने होतात आणि खाज तशीच राहते. तिसरा विकार प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. त्याचा संबंध सांध्यांपेक्षा आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी अधिक असल्याने येथे त्याचा नामोल्लेखच पुरे.

यांची जोडी कोणाशी जमते? प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसची सर्वांत निकटची सोबत श्योग्रेन सिंड्रोमशी आहे. या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांशांत डोळे व तोंड कोरडे पडण्याची ही व्याधी कमीअधिक प्रमाणात आढळते. काही रुग्णांत मर्यादित स्वरूपाचा स्क्लेरोडर्मा असतो. ऑटोइम्यून हिपॅटायटिसबरोबर सर्वाधिक आढळतो तो थायरॉइडचा विकार. त्याखालोखाल ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, श्योग्रेन, ल्युपस यांचा क्रम शेकडा थोड्या रुग्णांत लागतो. याशिवाय, दुसरी कोणतीही व्याधी नसताना केवळ ऑटोइम्यून हिपॅटायटिसमुळेच सांधे दुखतात व क्वचित सुजतात. म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणून औषध देत आहोत, तो मूळ यकृद्विकाराचे एक लक्षण असू शकतो. अशा सांध्यांत सहसा हाडाची झीज होत नाही, बोटे वाकडी होत नाहीत. वर्षानुवर्षे सांधे दुखूनही हात सरळ राहिलेला पाहून आपण औषधाला यश आले असे समजतो, तेव्हा क्षणभर थांबून यकृताकडे पाहावे.

ए.एन.ए. या चाचणीविषयी एक खुलासा येथेच केला पाहिजे, कारण अलीकडे तालुक्याच्या गावीही ती सहज होते आणि रुग्ण अहवाल घेऊनच येतात. ही चाचणी ल्युपसमध्ये सकारात्मक येते, श्योग्रेनमध्ये येते, स्क्लेरोडर्मात येते, ऱ्हुमॅटॉइडच्या काही रुग्णांत येते आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्येही येते. थोड्या प्रमाणात ती निरोगी माणसातही येते. अर्थात केवळ ए.एन.ए. वरून सांधे कोणत्या रोगाचे व यकृत कोणत्या रोगाचे हे ठरत नाही.

व्याधिसंकराची दृष्टी

या प्रश्नाकडे पाहण्याची चौकट आपल्या शास्त्रात आहे. चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात निदानार्थकर रोगांचा विचार मांडला आहे. एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण होतो; कधी दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः शमतो, कधी दुसऱ्याला जन्म देऊनही स्वतः टिकून राहतो, आणि अशा रीतीने व्याधींचा संकर होतो. आमवाताच्या रुग्णात यकृतविकृती दिसली की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : हा आमवाताचाच उपद्रव आहे काय? औषधाने उत्पन्न झालेली विकृती आहे काय? की हा स्वतंत्र, परंतु सजातीय, दुसरा व्याधी आहे? उपद्रव असेल तर मूळ व्याधीच्या शमनाने तो शमेल. औषधजन्य असेल तर ते औषध थांबविल्याने निवळेल. स्वतंत्र व्याधी असेल तर या दोन्ही उपायांनी तो हटणार नाही, आणि वाट पाहण्यात गेलेला काळ यकृताच्या काठिण्याच्या रूपाने मोजावा लागेल.

या संदर्भात आमच्या व्यवसायबंधूंच्या लेखनात वारंवार येणाऱ्या एका समीकरणाविषयी आमची नापसंती नोंदवितो. ‘आम म्हणजेच ऑटोइम्युनिटी’ असे म्हटले की सर्व काही सुटल्यासारखे वाटते. माधवनिदानात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आम व वात यांची युगपत् दुष्टी, त्रिकसंधीत प्रवेश, अग्निमांद्य, गौरव यांचे जे चित्र आहे ते ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी पुष्कळ जुळते, हे खरे. परंतु आमपाचन झाले, जिभेवरचा साम थर गेला, भूक लागू लागली, एवढ्यावरून यकृतातील शोथ शमला असे मानता येत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा रुग्ण भूक चांगली असताना व सांधे मोकळे असताना आतून सिऱ्होसिसकडे जात असतो. निराम लक्षणांच्या जोडीला रक्ताचा अहवाल पाहणे म्हणजे आपल्या परीक्षणपद्धतीवर अविश्वास दाखविणे, असे आम्ही मानीत नाही.

कामलेच्या भेदाचा मात्र येथे प्रत्यक्ष उपयोग आहे. कोष्ठाश्रित कामलेहून शाखाश्रित, म्हणजे रुद्धपथ कामला वेगळी, तिच्यात मलाला तिळाच्या पेंडीसारखा पांढुरका वर्ण येतो, हे चरकाचे निरीक्षण पित्तमार्गाच्या अवरोधाचे उत्तम वर्णन आहे. संधिवेदनेच्या रुग्णात असा मल, जोडीला खाज आणि गडद मूत्र दिसल्यास, प्रथम सोनोग्राफी करून पित्तमार्गात खडा वा गाठ नाही याची खात्री करावी. मोठ्या वाहिन्या मोकळ्या असतील तर सूक्ष्म वाहिन्यांच्या विकाराचा, म्हणजे प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसचा, विचार करावा.

चिकित्सालयात काय पाहावे

फार खर्च न करता बरेच काही कळते. श्योग्रेनसाठी आम्ही एकच प्रश्न विचारतो : कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरते काय? आपल्याकडे बाजरीची वा ज्वारीची भाकरी रोजची. तेव्हा ‘तोंड कोरडे पडते काय’ या मोघम प्रश्नापेक्षा याचे उत्तर स्पष्ट मिळते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते काय, हेही विचारावे. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यात हात घातल्यावर बोटे पांढरीफटक व नंतर निळसर पडतात काय, हे विचारले म्हणजे स्क्लेरोडर्माचा धागा हाती येतो. खाज, विशेषतः रात्री वाढणारी व तळहात-तळपायांची. वरच्या पापणीवर पिवळसर चरबीचे डाग. घरात कोणाला थायरॉइड, कोड वा संधिविकार. मासिक पाळी अकाली बंद होणे. हे सर्व पाच मिनिटांत विचारून होते.

प्रयोगशाळेच्या साध्या अहवालात एक खूण अशी आहे की जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. यकृताच्या चाचण्यांच्या छापील तक्त्यात एस.जी.पी.टी. च्या खाली एकूण प्रथिने, अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन यांचे आकडे असतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये आय.जी.जी. हे ग्लोब्युलिन वाढते. परिणामी अल्ब्युमिन खाली व ग्लोब्युलिन वर जाऊन दोहोंचे प्रमाण उलटते. एस.जी.पी.टी. वाढलेले, त्याच अहवालात ग्लोब्युलिन चारच्या वर, आणि विषाणूजन्य काविळीच्या चाचण्या नकारात्मक, असे त्रिकूट दिसले तर तो रुग्ण पुढे पाठवावाच. ऱ्हुमॅटॉइडच्या दीर्घकाळच्या शोथातही ग्लोब्युलिन काहीसे वाढते, त्यामुळे ही खूण निर्णायक नाही, हे खरे. परंतु ती फुकट मिळते. याच वाढीमुळे ई.एस.आर. ही चढतो आणि आपण तो सांध्यांच्या खात्यावर जमा करतो.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असेल तर ते यकृताचे की हाडांचे, हा प्रश्न संधिविकाराच्या रुग्णात नेहमीच पडतो. अस्थिमार्दवात ते वाढते, आणि सक्रिय ऱ्हुमॅटॉइडमध्येही थोडे वाढलेले दिसते. जोडीला जी.जी.टी. करून घ्यावे. तेही वाढलेले असेल तर मूळ यकृतात शोधावे व ए.एम.ए. ही चाचणी सुचवावी. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत ती सकारात्मक येते. हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या प्रत्येकात आधी करणे आवश्यक आहे. एक तर त्या विषाणूंमुळेही सांधे दुखतात, आणि दुसरे म्हणजे बी विषाणू सुप्त असताना स्टेरॉइड वा तत्सम औषध सुरू झाले तर तो उसळतो.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या निदानासाठी आंतरराष्ट्रीय गटाने २००८ साली जे सुलभ निकष दिले त्यांत चार गोष्टी आहेत : प्रतिपिंडे, आय.जी.जी., यकृताच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व विषाणूजन्य यकृतशोथाचा अभाव. यांपैकी बायोप्सी आपल्या हातची नाही. तीसाठी लोणी, पुणे, नाशिक वा छत्रपती संभाजीनगर येथे पाठवावे लागते आणि जामखेड-पाथर्डीच्या रुग्णाला त्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते. म्हणूनच कोणाला पाठवावे हे आपण नेमके ठरविले पाहिजे.

निदान निश्चित झाल्यावर प्रेडनिसोलोन व ॲझाथायोप्रिन हे या रोगाचे प्रमाणभूत उपचार आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या चाचण्यांत स्टेरॉइडने या रुग्णांचे आयुष्य वाढते असे स्पष्ट दिसून आले, आणि त्याला तोडीस तोड असे आपल्याकडचे प्रमाण आज उपलब्ध नाही. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसमध्ये अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल प्रतिदिन शरीरभाराच्या दर किलोस १३ ते १५ मिलिग्रॅम या मात्रेने देतात. अशा रुग्णास आपण पथ्य, अग्निरक्षण, मृदु अनुलोमन, स्नेहन-स्वेदनाचा विवेक, अस्थिधातूचे पोषण यांचे साहाय्य अवश्य द्यावे. मूळ औषध मात्र बंद करवू नये.

औषधजन्य विकृती : दोन्ही बाजूंची

मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध रोज घेतल्याने होणारे अनर्थ सर्वश्रुत आहेत. रुग्णाच्या पिशवीतील गोळ्यांची पाकिटे मागवून स्वतः पाहणे हाच यावर उपाय. डायक्लोफेनॅक हे तर पानटपरीशेजारच्या दुकानातही मिळणारे औषध. त्याने क्वचित प्रसंगी होणारा यकृतशोथ सूक्ष्मदर्शकाखाली ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखाच दिसू शकतो.

याहून गंभीर प्रश्न बेनामी चूर्णांचा आहे. ‘संधिवाताची हमखास पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असते, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. दोन दिवसांत जादूसारखा आराम, भूक वाढणे, चेहऱ्यावर गोलसर सूज, मधुमेह नसलेल्याची साखर वाढणे, या तिच्या खुणा. स्टेरॉइड हेच ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे औषध असल्याने अशा पुडीखाली तो रोग झाकला जातो. एस.जी.पी.टी. ही ठीक येते. पुढे पुडी संपते, किंवा रुग्ण ऊसतोडीसाठी कोपी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि तेथे ती मिळत नाही. मग काही आठवड्यांत सांधे धरतात व कावीळ उसळते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचे अंग दुखणे हे कामाचेच दुखणे मानले जाते, त्यामुळे निदान आणखी लांबते. अशी पुडी घेणारा रुग्ण आढळल्यास ती त्याच दिवशी बंद करण्याचा आदेश देऊ नये. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडल्याने प्राणावर बेतू शकते. पुडीसह रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

आता आपल्या बाजूकडे वळू.

गुळवेल हे आमवात, वातरक्त, जीर्णज्वर व कामला या सर्वांत उपयोगी पडणारे द्रव्य. आम्हीही अनेक वर्षे ते सरसकट देत आलो. आमवातात यकृतविकृती दिसली की आपली लेखणी कशी चालते ते पाहावे. रास्नासप्तकात गुळवेल आहे. महारास्नादि क्वाथात आहे. कैशोर गुग्गुळात आहे. यकृतासाठी फलत्रिकादि क्वाथ जोडला तर त्यातही आहे. शोथ दिसला म्हणून पुनर्नवाष्टक दिले तर त्यातही. वर ज्वरांश वाटला म्हणून संशमनी वटी, आणि अशक्तपणासाठी गुळवेल सत्त्व. एका चिठ्ठीत एकच द्रव्य चार-पाच मार्गांनी पोटात जाते आणि एकूण मात्रा किती झाली याची बेरीज कोणी करीत नाही.

या द्रव्याच्या अभ्यासाला मुंबईत मोठी परंपरा आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम अभ्यासला. अवरोधजन्य काविळीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत गुळवेल दिल्याने जंतुसंसर्ग कमी होऊन रुग्ण वाचण्याचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. वैद्यसमाजाने तो योग्य अभिमानाने मिरविला. त्याच मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, कोविडच्या भयाने लोक घरोघरी गुळवेलीचा काढा पीत असताना, यकृतशोथाचे सहा रुग्ण यकृततज्ज्ञांनी नोंदविले व २०२१ साली ते प्रसिद्ध केले. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या, सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता, प्रतिपिंडांत ए.एन.ए. सर्वाधिक आढळले. ज्यांच्यात ऑटोइम्यून यकृद्विकार आधीपासून मूकपणे वसत होता त्यांच्यात गुळवेलीने तो प्रकट केला असावा, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

आयुष मंत्रालयाने २०२१ साली पहिल्या अभ्यासावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे पडताळलेले नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. पुढे गुळवेल सुरक्षित असल्याचे मंत्रालयाने पुन्हा सांगितले, तसेच टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वनस्पतीशी गल्लत करू नये असा इशाराही दिला. ओळख पटविण्याचा आक्षेप आम्हास रास्त वाटतो. परंतु तेवढ्यावर विषय संपवणे आम्हास मान्य नाही. जे द्रव्य प्रतिकारशक्तीला चेतविते म्हणून १९९३ साली आपण त्याचे कौतुक केले, ते प्रतिकारशक्तीच जिथे स्वशरीरावर उलटली आहे अशा रुग्णात काय करील, हा प्रश्न आपणच प्रथम विचारावयास हवा होता. अधिकारी रुग्ण कोण, याचा विचार न करता दिलेले औषध आपल्या शास्त्राला संमत नाही. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले ते याच नगरात, आणि औषधिगुणधर्मशास्त्र लिहिले तेही त्यांनीच. गुणधर्म पाहून, अवस्था पाहून द्रव्य योजावे, हे येथल्या वैद्यास नव्याने सांगावे लागू नये.

आणखी एक दाखला आपल्याच बाजूच्या संशोधनातील आहे. गुडघ्याच्या संधिगत वातावर आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिबशी करणारी ४४० रुग्णांची चाचणी डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. आपले कल्प गुणात बरोबरीचे ठरले, हा भाग आपण सर्वत्र सांगतो. त्याच अहवालात २८ जणांचे एस.जी.पी.टी. कोणतेही लक्षण नसताना वाढल्याची नोंद आहे. आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या सात जणांना चाचणीतून वगळावे लागले व औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. हा भाग सांगण्यास आपण कचरतो. वस्तुतः या नोंदीमुळेच त्या चाचणीवर विश्वास बसतो.

तेव्हा आमचा सध्याचा परिपाठ असा आहे. आमवाताच्या प्रत्येक नव्या रुग्णात गुग्गुळकल्प वा गुळवेलयुक्त क्वाथ दीर्घकाळ द्यावयाचा असेल तर आरंभी यकृताच्या चाचण्या करून घेतो, सहा आठवड्यांनी पुन्हा करतो. छेचाळीस दिवसांचा मध्यक ध्यानी घेता सहा आठवडे हा काळ आम्ही निवडला. आरंभीचे आकडे मूळच्या दुप्पट-तिप्पट झाले तर सर्व कल्प एकाच वेळी थांबवितो. एकेक काढून पाहण्यात दिवस जातात. ज्या रुग्णात ऑटोइम्यून यकृद्विकार निश्चित आहे किंवा ज्याची शंका अजून फिटलेली नाही, त्याला गुळवेल कोणत्याही रूपात देत नाही. ॲझाथायोप्रिन चालू असलेल्या रुग्णालाही देत नाही, कारण एका हाताने प्रतिकारशक्ती दाबावयाची व दुसऱ्या हाताने चेतवावयाची यात अर्थ नाही. सांध्यांसाठी अशा वेळी शुंठी, एरंड, रास्ना ही स्वतंत्र द्रव्ये अल्प मात्रेत, वालुकास्वेद, आणि पथ्य एवढ्यावर भागवितो. सोमल व पारद असलेले समीरपन्नगासारखे कल्प, तसेच भल्लातक, यकृताचा निकाल लागेपर्यंत पूर्णतः वर्ज्य. महायोगराज गुग्गुळाऐवजी भस्मविरहित योगराज घ्यावा, आणि तोही यकृत स्थिर झाल्यावर. यांतील काही नियम व्यवसायबंधूंना अतिरेकी वाटतील. तसे वाटणाऱ्यांनी आपले अनुभव, विशेषतः आधी-नंतरच्या अहवालांसह, या त्रैमासिकाकडे अवश्य धाडावेत.

औषधालयचालकांसाठी

चिठ्ठीशिवाय ‘सांध्यांसाठी काहीतरी’ मागणारे गिऱ्हाईक दुकानात रोज येते. त्याला गुळवेल घनवटी व एखादा गुग्गुळ देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : पूर्वी कावीळ वा यकृताचा त्रास झाला होता काय? आठवड्यातून एकदा घ्यावयाची वा दडपणारी, प्रतिकारशक्तीची कोणतीही गोळी चालू आहे काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर वैद्याकडे पाठवावे. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती गिऱ्हाइकास वाचून दाखवावी. बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटक नसलेला कोणताही माल काउंटरवर ठेवू नये, मग तो देणारा कितीही जुना ओळखीचा असो.

ओली गुळवेल गावातून विकत घेणाऱ्यांनी काड नीट पाहावे. क्रिस्पा जातीच्या काडावर सर्वत्र ठळक गाठीगाठी, मस असावेत तसे उंचवटे, असतात. शंका येईल तो माल परत करावा किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकास दाखवावा. प्रत्येक खरेदीचा एक वाळविलेला तुकडा, तारीख व पुरवठादाराचे नाव लिहून, वर्षभर जपून ठेवावा. उद्या एखाद्या रुग्णाचे यकृत बिघडले तर ‘ती गुळवेलच होती काय’ या प्रश्नाचे उत्तर त्या तुकड्याखेरीज कोणाजवळ नसेल. अशी घटना घडल्यास आयुष औषधांच्या सुरक्षा-निरीक्षण योजनेत तिची नोंद करावी. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. प्रपत्रात औषधाचे नाव, गट क्रमांक, मात्रा, सेवनाचा काळ, जोडीची इतर औषधे व रुग्णाचे आधीचे रोग हे रकाने असतात. आमवाताच्या रुग्णाविषयी प्रपत्र भरताना शेवटचा रकाना रिकामा सोडू नये.